तीन ऋतूंचं कपाट: कमी खर्चात आपली वेशशैली कशी घडवावी

माझे वडील सांगलीत शिंपी होते. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन मशिनी, कटिंगचं टेबल आणि खिळ्याला टांगलेल्या मापाच्या वह्या. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की वडील टेप गळ्यातून काढायच्या आधी विचारायचे, "हे घालून जाणार कुठं?" लग्नाला, की कोर्टात, की एसटीत उभं राहून रोज तासगावला? उत्तरावर बाहीची लांबी ठरायची, खिशाची जागा ठरायची, कधी कधी तर "हे कापड त्या कामाला नको" असं सांगून ते माणसाला परत पाठवायचे.

शैलीबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या प्रश्नातून निघतं. खरेदी अगदी शेवटी येते. तिच्याआधी बरंच काही करायचं असतं आणि त्यातलं बहुतेक फुकट होतं.

सुरुवात वहीपासून

पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज रात्री चारच गोष्टी लिहायच्या: कुठं गेलो, कसे गेलो (चालत, दुचाकीवर, लोकलने), काय घातलं होतं आणि काय टोचलं. टोचलं म्हणजे खरोखर टोचलेलं. काखेत काचलं, ओढणी चाकात जायला आली, दुपारी पाठ ओली झाली, खाली वाकताना शर्ट वर चढला.

पंधराव्या दिवशी वही वाचली की दिसतं, फिरून फिरून तेच सात-आठ कपडे अंगावर येतात. बाकीचे कपाटात नुसते राहायला आहेत. ते सात-आठ नीट बघा. त्यांचा रंग, गळा, बाही, कापड यांत काहीतरी सारखं सापडेल. तुमची शैली तिथं आधीच आहे, तिला फक्त नाव द्यायचं राहिलंय. उरलेले कपडे पलंगावर काढा आणि प्रत्येकाला कारण विचारा. माप चुकलंय? दुरुस्ती करून घ्या. जोडीला काही नाही? जोडीचं नाव वहीत लिहा. फक्त समारंभाचा आहे? वेगळ्या कप्प्यात. यांतलं काहीच नसेल, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर शोभेल, देऊन टाका.

"जाणार कुठं" या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर मला आनंदीबाई जोशींच्या आयुष्यात दिसतं. 1883 साली त्या डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. नऊवारीत कासोट्यामुळे पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या थंडीत ते चालणारं नव्हतं. साडी सोडायची नाही हेही ठरलेलं होतं. मग त्यांनी पाय पूर्ण झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली. जे सोडायचं नाही ते एक पक्कं धरलं आणि बाकीचं हवेप्रमाणे बदललं. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावरही असंच एक वाक्य लिहा: मी काय सोडणार नाही. कुणाचं ते "सुती सोडून काही नाही" असेल, कुणाचं "खिसा हवाच", कुणाचं "डोकं झाकलेलं हवं".

कापड हातात घ्यायला शिका

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचे पैसे इथंच वाया जातात. दुकानात आपण डोळ्यांनी निवडतो आणि घरी आल्यावर कातडीने भोगतो.

आमच्याकडे पॉपलिन आणि कॅम्ब्रिक या सुती कापडांचे तागे इचलकरंजीहून यायचे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं ते गावच मागांच्या खडखडाटावर उभं राहिलं. मालेगाव आणि भिवंडीही यंत्रमागांचीच. अशा गावांत किंवा त्यांच्या जवळ राहत असाल तर मोठ्या दुकानात जाण्याआधी मागवाल्यांच्या किरकोळ विक्रीची चौकशी करा. तागा संपत आला की उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात आणि दीड-दोन मीटरच्या तुकड्यात सदरा किंवा टॉप सहज बसतो.

कापड घेताना क्रम असा ठेवा. आधी मुठीत घट्ट धरून दहा सेकंदांनी सोडा. शुद्ध सुतीला आणि लिननला चुण्या पडणारच. अजिबात चुणी पडली नाही तर त्यात पॉलिस्टर आहे असं धरून चाला, लेबल काहीही म्हणो. मग कापड उजेडासमोर धरा. वीण सारखी दिसते का, मध्ये विरळ पट्टे आहेत का, कुर्ता असेल तर अस्तर लागेल का, हे तिथंच कळतं. नंतर दोन्ही अंगठ्यांनी धाग्याच्या दिशेने हलकेच ताणा. धागे सरकून फट पडत असेल तर शिवणीशी ते कापड उसवणार. शेवटी ओल्या पांढऱ्या रुमालाने एक कोपरा चोळा. रुमालावर रंग उतरला तर गडद रंगाचा मोह आवरा. एका नामांकित दुकानातून घेतलेल्या आमसुली कुर्त्याने माझ्या तीन पांढऱ्या सलवारी गुलाबी केल्या, तेव्हापासून मी पर्समध्ये तसा रुमाल ठेवतेच.

घरी आल्यावरही शंका असेल तर कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत, पाणी जवळ ठेवून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि हलकी राख राहते. रेशीम आणि लोकर यांना केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गाठ होते.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नका. 44 इंची पन्ह्याला गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्यासाठी साधारण अडीच मीटर लागतं. 58 इंची पन्ह्याला शर्टाला 1.60 मीटर आणि पँटला 1.20 मीटर पुरतं. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसांनी पाव मीटर जास्त घ्यावं. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा. ते आटायचं तेवढं आधीच आटू दे. हे न केल्यामुळे पहिल्या धुण्यात आखूड झालेले किती कुर्ते दुकानात रडत परत आले, त्याची गणतीच नाही.

उन्हाळा

महाराष्ट्राचा उन्हाळा एकच नाही. चंद्रपूर-अकोल्याचं कोरडं, पंचेचाळीस अंशांचं ऊन वेगळं आणि रत्नागिरीचा चिकचिकाट वेगळा. विदर्भात कातडी उघडी टाकणं चुकीचं. तिथं सैल, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सदरा आणि डोक्याला पांढरा दुपट्टा, हेच पिढ्यान्पिढ्यांचं शहाणपण आहे. कोकणात आणि मुंबईत घाम वाळायला वारा लागतो, म्हणून बाही आखूड, मुंढा (बाही जोडतात तो काखेकडचा भाग) ढिला आणि कापड मलमलीसारखं झिरझिरीत हवं. रेयॉन दुकानात हाताला गार लागतं, पण घामाने अंगाला चिकटतं आणि ओलं असताना कमजोर होतं. लोकलच्या गर्दीत मी ते घालत नाही.

उन्हाळ्याचे चार वरचे कपडे पुरतात: दोन फिके (मोतिया, पिस्ता, आकाशी), एक निळीतला आणि एक बारीक छापाचा. खाली दोन सैल सुती पँटी किंवा सलवारी, त्यातली एक बदामी आणि एक गडद. साडी नेसणाऱ्यांनी मंगळगिरी किंवा नागपुरी सुतीसारखी, खळ धुऊन मऊ केलेली साडी घ्यावी. नव्या साडीची कडक खळ मे महिन्यात नको.

पावसाळा, म्हणजे खरी परीक्षा

जून ते सप्टेंबर कपडे सुंदर दिसण्यापेक्षा वाळणं महत्त्वाचं. जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही आणि घरात वाळवली की तिला कुबट वास येतो. म्हणून पावसाळ्यात जीन्स माळ्यावर. पातळ सुती किंवा टेरिकॉटची पँट रात्री धुतली की पंख्याखाली सकाळपर्यंत वाळते. टेरिकॉटला नाक मुरडू नका, सूत आणि पॉलिस्टरचं ते मिश्रण या चार महिन्यांत खरंच कामाला येतं. पँट किंवा सलवार घोट्याच्या वर दोन बोटं ठेवा. रंग विटकरी, मेंदी, राखाडी, वांगी, आणि वर छाप असला तर चिखलाचे शिंतोडे दिसत नाहीत.

पायांत चामडं नको. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, पाणी त्याचं वैरी. मृग लागायच्या आधी चपला कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि उंच जागी ठेवा. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या मंचावर तिच्यासारखी चप्पल आल्यावर जगभर गलका झाला. आपण ती चिखलातून फरपटत नेऊ नये. पावसाला खाचांचा तळवा असलेली रबरी सँडल घ्या आणि छत्रीवर पैसे वाचवू नका.

छत्री आणि पायतण हाती घेताना मला काशीबाई कानिटकर आठवतात. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री कादंबरीकार. बूट घालून, छत्री घेऊन रस्त्याने चालल्या म्हणून त्यांना आणि आनंदीबाईंना लोकांनी दगड मारल्याची नोंद आहे. छत्री आणि बूट ही पुरुषांची मिरास समजली जायची. आज आपण पंधरा रंगांतून छत्री निवडतो, त्यामागं कुणीतरी खाल्लेले दगड आहेत. म्हणून मला छत्री ठेवणीतल्या दागिन्याइतकी मोलाची वाटते आणि मी ती मनापासून निवडते.

पॅरिसमध्ये 1831 च्या सुमारास जॉर्ज सांद या लेखिकेनेही हाच हिशेब मांडला होता. तिच्या नाजूक बुटांचे शहराच्या रस्त्यांवर दोन दिवसांत तुकडे पडत, टोप्या पावसात भिजून वाया जात. तिने जाड राखाडी कापडाचा पुरुषी कोट, पँट आणि टाचेला लोखंड ठोकलेले बूट घेतले. मग ती कुठल्याही हवेत, कुठल्याही वेळी भटकू शकली. लोक अजून तिच्या त्या वेशाकडे बंड म्हणून बघतात. बंड तर ते होतंच, पण तिने स्वतः सांगितलेलं कारण चिखल आणि खर्च हे आहे.

कपाटाची काळजीही पावसाळ्यातच घ्यायची असते. रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या मऊ सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. उघडीप पडली की बाहेर काढा, घडी बदला, नाहीतर त्याच रेघेवर जरीची तार तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, ती काळी पडते.

हिवाळा

इथं फार सांगण्यासारखं नाही. निफाडला पारा दहाच्या खाली जातो, पुण्यात पहाट कडक असते, मुंबईत स्वेटरचं नाव काढायला जानेवारी लागतो. एक बिनबाह्यांचं खादीचं जाकीट, एक मऊ शाल आणि एक गडद स्वेटर पुरे. बाकी थर चढवायचे: आत मलमल, वर जाडसर खादी, त्यावर जाकीट. दुपारी एकेक उतरवता येतं. उन्हाळ्याचे चारही कपडे अशा रीतीने हिवाळ्यात आतून चालतात.

माप आणि माया

शिवणकामात शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. माझ्या लेखी मराठीतल्या सुंदर शब्दांपैकी हा एक. रेडिमेड कपड्यात ती जेमतेम सोडलेली असते, म्हणून अंग जरा भरलं की कपडा बाद. शिंप्याला स्पष्ट सांगा: दोन्ही बाजूंना इंचभर माया, पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच आणि तळाशी दोन इंच दुमड. पोरांच्या कपड्यांत तर जास्तच. तोच कपडा पाच वर्षं चालतो.

माप बसलंय का, हे ताठ उभं राहून आरशात कळत नाही. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी, हे आधी बघा. खांदा चुकला तर दुरुस्ती महाग पडते, बाकी बहुतेक सगळं सुधारता येतं. मग बसचा दांडा धरल्यासारखा हात वर करा. कुर्ता वीतभर वर चढत असेल तर मुंढा खाली उतरलाय, तो वर घ्यायला सांगा. खुर्चीवर बसा, मांडी घाला, खाली पडलेली किल्ली उचला. बटणांमध्ये फट पडते का बघा. हे सगळं दुकानातल्या ट्रायल रूममध्ये करा, कुणी काही म्हणत नाही.

शिंप्याकडे नुसता फोटो घेऊन जाऊ नका. तुमच्या वहीतल्या सात-आठांपैकी सगळ्यात आवडता कपडा घेऊन जा आणि म्हणा, "याच्यासारखा शिवा, फक्त एवढं बदला." फोटोतलं अंग दुसऱ्याचं असतं. पहिल्यांदा नव्या शिंप्याकडे जाताना साधं, स्वस्त कापड द्या. त्याचा हात कळला की मग चांगलं.

नवी पद्धत शोधायची तर ज्ञानदानंदिनी देवींसारखी शोधावी. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरीला आले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणून त्या मुंबईत राहिल्या. बंगाली बायकांची तेव्हाची नेसण घराबाहेर पडायला सोयीची नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची तऱ्हा पाहिली, ती शिकल्या आणि उजवा हात मोकळा राहावा म्हणून पदर डाव्या खांद्यावर घेतला. कलकत्त्याला परतल्यावर जाहिरात देऊन इतर बायकांनाही शिकवलं. आज निऱ्या पुढं आणि पदर डावीकडे ही नेसण आपल्याला अनादि वाटते, पण तिच्यात मुंबईतल्या शेजारणींचा वाटा आहे. तुमच्या शेजारी, ऑफिसात, लोकलच्या डब्यात कुणाचं काय सोयीचं आहे ते निरखा आणि विचारा. बायका हौसेनं सांगतात.

रंग

दोन पायाचे रंग घ्या आणि दोन चढे. पायाचे म्हणजे खालच्या कपड्यांचे, जे कशावरही जातात: गडद निळा आणि बदामी, किंवा राखाडी आणि तपकिरी. चढे तुमच्या आवडीचे: चिंतामणी आणि अबोली, डाळिंबी आणि शेवाळी, मोरपंखी आणि केतकी. नवं काही घेताना ते कपाटातल्या किमान तीन कपड्यांबरोबर जायला हवं, एवढाच नियम. नवरात्राच्या नऊ रंगांसाठी नऊ नवे कपडे घेऊ नका. मैत्रिणींशी अदलाबदल करा, ओढणी किंवा ब्लाउज तेवढं रंगाचं घ्या.

ओळख, आणि ती कोण ठरवतं

कथाकार जी. ए. कुलकर्णी म्हटलं की काळा चष्मा डोळ्यांसमोर येतो. एकच वस्तू, पण ती वर्षानुवर्षं धरून ठेवलेली. तुम्हीही एखादी गोष्ट निवडा आणि तिला चिकटून राहा: चांदीची एकच अंगठी, हाताने विणलेला स्टोल, नेहमीचा उभ्या कॉलरचा सदरा. दर महिन्याला बदलली तर ती ओळख होत नाही.

पण ओळख नेहमी आपल्या हाती नसते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, तेव्हा कपड्यांविषयी अगदी बारकाईने बोलले. ज्या नेसणीवरून आणि अंगावरच्या कथलाच्या, चांदीच्या जड दागिन्यांवरून जात ओळखली जाते, ते सगळं टाका, लुगडं पाय झाकेल असं नेसा, स्वच्छ राहा. सभेनंतर बायकांनी तिथंच नेसण्याची तऱ्हा बदलल्याच्या नोंदी आहेत. स्वतः बाबासाहेबांचा सूट आणि टाय याच विचारातला. ज्या समाजाला अंगावर काय घालावं हेही दुसरे सांगत होते, त्यातल्या माणसाने इस्त्री केलेला सूट घालून सभेत उभं राहणं याचं मोल फार मोठं आहे. कपडे ही वरवरची बाब आहे असं कुणी म्हटलं की मला महाडच्या त्या बायका आठवतात आणि मी वाद घालते.

म्हणून कपाटासमोर उभं राहून एकदा प्रत्येक कपड्याला विचारा: हा मी निवडला, की कुणाच्या सांगण्यावरून आला? "या वयात हा रंग?", "आपल्यात असं घालत नाहीत", "जाड्या माणसाने आडवे पट्टे घालू नयेत", अशी कारणं सापडली तर तो निर्णय पुन्हा स्वतः करा. कदाचित आधीचाच कायम होईल. पण मग तो तुमचा असेल.

पैसे आणि दिनदर्शिका

किंमत लेबलवरची धरू नका. किंमत भागिले किती वेळा घातला, असा हिशेब करा. 900 रुपयांचा सदरा 90 वेळा घातला तर दर खेपेला 10 रुपये पडले. 350 चा सेलमधला पाच वेळा घातला तर 70. महिन्याला 1000 रुपये बाजूला ठेवत असाल तर वर्षाच्या 12,000 मधले निम्मे रोजच्या कपड्यांना, पाव हिस्सा पायताण आणि छत्री-पिशवीला, आणि उरलेले शिलाई, दुरुस्ती, रफू, फॉल-पिकोला. या शेवटच्या भागाला लोक काही ठेवतच नाहीत आणि मग उसवलेला चांगला कपडा कोपऱ्यात पडून राहतो.

खरेदीचा महिनाही निवडता येतो. आषाढात लग्नं थांबतात, दुकानं सवलती लावतात. सुती कापड आणि पुढच्या उन्हाळ्याचे तागे तेव्हा बघा. स्वेटर-शाल फेब्रुवारीत घ्या, दुकानदाराला जागा रिकामी करायची असते. आणि शिवायला टाकायचं असेल तर पितृपक्षात टाका. त्या पंधरवड्यात नवं कापड घ्यायला बहुतेक लोक कचरतात, त्यामुळे शिंप्याकडे सवड असते. कापड श्रावणातच आणून, पाण्यात काढून ठेवा. आमच्या दुकानात त्या दिवसांत वडील एकेका सदऱ्याला दोनदा माप घ्यायचे, कच्ची शिलाई घालून गिऱ्हाइकाला बोलवायचे, काजं हाताने करायचे. घटस्थापना झाली की मात्र ढीग लागायचा आणि दसऱ्यानंतर दुकानाबाहेर पाटी यायची: दिवाळीपर्यंत नवीन शिलाई बंद.